मुजावर सरांच्या नावावरचा सर्च

परवा आमच्या टीममधल्या नव्या मुलीनं स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "ताई, युजरनं सर्चमध्ये लावलेले फिल्टर कुठं ठेवू? त्याच्या अकाउंटला, ब्राउझरमध्ये, की डेटाबेसमध्ये वेगळं टेबल करू?" आमच्या धंद्यात असले प्रश्न रोज पडतात. पण माझ्या तोंडून भस्सकन निघालं, "आधी तिथं जाऊन बस. खुर्चीवर कोण बसतंय ते बघ, मग ठरव." ती पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं असणार, बाईचं आज काहीतरी बिनसलंय. बिनसलं नव्हतं काही. ते वाक्यच माझं नव्हतं. ते मुजावर सरांचं. आणि ते शिकायला त्या माणसानं जे भोगलं ते मी शेजारच्या खुर्चीवरून बघितलंय, म्हणून आज लिहायला बसलेय.

रफीक मुजावर. मूळचे लातूरकडचे, औशाचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आमच्या कंपनीचं ऑफिस पिंपळे सौदागरला, एका स्वीट मार्टच्या वर. पण आम्हा दोघांना बसवलं होतं क्लायंटकडं, चाकणजवळ महाळुंग्याला. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणारी कंपनी, नाव कशाला घ्या. मी टेस्टर, ते प्रोग्रॅमर. स्टोअरच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन, तिच्यात आमची दोन टेबलं. खिडकी होती, पण ती गोडाऊनमध्ये उघडायची. दिवसभर समोर रॅक, रॅकवर खोके, खोक्यांवर नंबर. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे आम्हाला जेवणाच्या सुट्टीत कळायचं.

पहिल्याच दिवशी माझं त्यांचं वाजलं. मी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. ते उठले, बाटली उचलली आणि मला म्हणाले, "टेस्टरबाई, हिची जागा कुठं ते आज ठरवा. एकदा ठरली की मग बदलायची नाई."

"का? बाटलीला घर बांधायचंय का?" मी.

"ठेवतानाच इचार करावा लागतंय बाई. शोधताना डोकं चालत नसतंय."

मला असला राग आला! आमच्या चिंचवडच्या घरात चार माणसांत एक कपाट, तिथं ज्याला जी जागा मिळेल ती त्याची. हा कोण मला बाटली ठेवायला शिकवणार? पण पुढं पुढं बघितलं तर त्यांचं सगळंच तसं. चहाचा ग्लास धुऊन रुमालावर उपडा. चष्म्याचं घर डावीकडं. गेट पास वरच्या खिशात, मोबाइल खालच्या. किल्ली शोधणारे मुजावर सर मी कधी पाहिले नाहीत. कुणी काही विचारायला आलं की ते म्हणायचे, "काय ठेवलंय ते नंतर सांगा. कुठं ठेवलंय ते आधी." स्टोअरचे लोक हसायचे, पण हळूहळू तेही तसंच बोलायला लागले.

एकदा ते तापानं पडले म्हणून मी कंपनीची काही कागदं घेऊन त्यांच्या खोलीवर गेले होते. पिंपळे सौदागरलाच दोन पोरांबरोबर भाड्यानं राहायचे. बघते तर काय, ह्या माणसाचे कपडे बॅगेत! कॉटखाली बॅग, शर्ट त्यातूनच काढायचा, धुऊन त्यातच ठेवायचा. भिंतीतलं कपाट रिकामं, आत नुसता एक हँगर. मी म्हटलं, "सर, आणि आम्हाला बाटलीवरून लेक्चर?"

पांघरुणातनंच म्हणाले, "कपाटात लावले की मग इथंच ऱ्हावं लागंल ना."

सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते ते. बायको, शाहीनभाभी, औशाजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तिची बदली इकडं व्हायची नाही. मुलगी झोया, ती आईजवळ. आमच्या कंपनीनं सरांना शब्द दिला होता, महाळुंग्याच्या क्लायंटनं रिलीज दिला, म्हणजे हा माणूस आता इथं नको असं लिहून दिलं, की घरी बसून काम करा, औशातून करा, आमची हरकत नाही. म्हणजे त्यांच्या घराच्या आणि त्यांच्यामध्ये उभा होता फक्त एक रिलीज. तो सही करून द्यायचा होता प्लँटच्या सबनीस साहेबांनी. आणि तो मिळत नव्हता प्रोग्रॅममधल्या एका ओळीपायी. ती ओळ सरांनीच लिहिलेली, हे त्यातलं वाईट.

ती ओळ कशी आली ते सांगते. ह्या कंपनीत हजारो प्रकारचा माल. नट, बोल्ट, स्प्रिंगा, रबरी रिंगा. कुठला कुठल्या रॅकवर आहे हे शोधायला आम्ही वेबवर चालणारा सर्च बनवला होता. नाव टाकायचं, रॅक नंबर येतो, माल द्यायचा. नियमच केला होता सबनीस साहेबांनी, की स्क्रीनवर सापडल्याशिवाय खोक्याला हात लावायचा नाही. सर्चमध्ये फिल्टर होते. फक्त अमुक गोडाऊन दाखव, जुना माल लपव, रोज लागणारा वर आण. एखाद्यानं लावलेले फिल्टर त्याच्या लॉगिनला जमा राहायचे, दुसऱ्या दिवशी तो आला की तयार. ऑफिसात दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पण स्टोअरच्या काउंटरवर कॉम्प्युटर एक आणि लॉगिनही एक. तिन्ही शिफ्टला तेच. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. तिथली रीतच अशी, की शिफ्ट संपली की जाणारा येणाऱ्याला किल्ल्यांचा जुडगा देतो, खुर्ची देतो आणि चालू कॉम्प्युटर देतो. लॉगआउट कुणी करत नाही. स्टोअरचे मुख्य होते मिंडे मामा, महाळुंग्याचेच, गावातलं जुनं घर. ते म्हणायचे, "चालती गाडी बंद कशाला करायची? परत न्हाई चालू झाली तर कुणाच्या नावानं बोंब मारायची?"

झालं. एके दिवशी पहिल्या शिफ्टच्या माणसानं मोजणीसाठी 'फक्त गोडाऊन दोन' असा फिल्टर लावला आणि शिफ्ट सुटल्यावर तसाच घरी गेला. दुपारी मामा खुर्चीवर बसले. ब्रेक जोडायच्या लाइनवरून एका बोल्टची मागणी आली. मामांनी नाव टाकलं. स्क्रीन म्हणाली, काहीही सापडले नाही. परत टाकलं. काहीही सापडले नाही. लाइन थांबली. सुपरवायझर पळत आला, मागोमाग सबनीस साहेब. आणि बोल्टाचे खोके कुठं? मामांच्या पाठीमागच्या रॅकवर! हात मागं केला असता तर लागले असते.

"मिंडे, अहो मागं बघा की!" साहेब ओरडले.

"दिसत्यात की साहेब मला. पर कॉम्प्युटर म्हंतोय न्हाई. मंग मी कसं म्हनू हाय? नियम तुमचाच हाय."

साहेबांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना, मी खाली वाकून वायर बघितल्यासारखं केलं. पण साहेब वळले ते सरांवर. "मुजावर, मला कारण नको. सर्च पाहिजे. आत्ता."

सरांना तेव्हा कळलंच नव्हतं की गडबड फिल्टरची आहे. एवढंच दिसत होतं, की त्यांच्या स्वतःच्या लॉगिनमधून शोधलं की बोल्ट सापडतोय. त्यांनी खाली बसून एक ओळ लिहिली. कुणीही शोधलं तरी ते मुजावरच्या अकाउंटमधून शोधल्यासारखं धरावं. सर्च चालू झाला, लाइन हलली, साहेब गेले. सरांनी त्या ओळीच्या वर लिहून ठेवलं, 'तात्पुरतं. उद्या काढणे.' मी स्वतः वाचलंय ते.

तो उद्या काही आला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" त्यानंतर सर दर थोड्या दिवसांनी साहेबांकडं जायचे, नीट करायला थोडी मुदत मागायचे, आणि साहेबांचं तेच. कधी ऑडिट होतं, कधी मोठी ऑर्डर, कधी वर्षअखेर. चालतंय ना?

चालत होतंच की, तीच तर पंचाईत. लोकांना भलतंच सोयीचं झालं. पेंट शॉपवाला यायचा, "मुजावरसाहेब, आमचा माल जरा वर येऊ द्या." सर स्वतःच्या अकाउंटला टिक करायचे, अख्ख्या प्लँटमध्ये पेंटचा माल वर. असेंब्लीवाला यायचा, त्याचं वेगळं. सगळे खूश. आणि ह्या माणसाला मात्र स्वतःला काही शोधायची सोय उरली नाही. चुकून एक फिल्टर हलला की तिकडं तीन ठिकाणी फोन वाजायचे. माउसला हात लावताना ते आधी आजूबाजूला बघायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. मी म्हणायचे, "सर, द्या ना सोडून. राजीनामा टाका, जा औशाला."

"आन मागं काय ठेवून जाऊ? माझं अकाउंट बंद केलं की सर्च आंधळा. मिंडे मामा रॅकसमोर हुबे, आन स्क्रीन म्हणायली सापडत नाई. पळून गेला म्हणतील बाई. खरंच म्हणतील."

त्यात कंपनीच्या पासवर्डचा नियम. ठरावीक दिवसांनी पासवर्ड जुना होतो आणि अकाउंट झोपतं. उठवायचं तर ज्याचं त्यानं स्वतः प्लँटमध्ये यायचं, ओळखपत्र दाखवायचं. इतरांचं अकाउंट झोपलं तर तो एकटा अडतो. सरांचं झोपलं तर स्टोअर अडतं. म्हणून ते लांबची सुट्टी घ्यायचेच नाहीत. शनिवारची ट्रॅव्हल्स धरायची, रविवार घरी, सोमवारी परत.

एका रमजान ईदला मात्र घरात लग्नही होतं, त्यामुळं ते जास्त दिवस राहिले. आणि नेमकं अकाउंट झोपलं. ईदच्या सकाळी प्लँटमधून त्यांना फोनांवर फोन. कंपनीला काही सुट्टी नव्हती. मीही केला एक, खोटं कशाला बोलू, साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. सर नमाज पढून, घरात शीरखुर्मा नुसता जिभेला लावून निघाले. संध्याकाळी स्टोअरमध्ये आले तेव्हा अंगावर नवा कुर्ता, अत्तराचा वास, आणि डोळे प्रवासानं लालभडक. जुना पासवर्ड टाकला, नवा टाकला, सर्च उठला.

मिंडे मामांनी स्वतःचा डबा उघडला, भाकरी आणि पिठलं त्यांच्यासमोर ठेवलं. "ईद मुबारक, सर. खा दोन घास. तुमच्याबिगर न्हाई चालत बगा आमचं."

मामा मनापासून बोलले. सरांचा घास तोंडाशीच थांबला. मग त्यांनी तो खाल्ला, आणि पुढचे घास खाली बघून खाल्ले.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना ते मला म्हणाले, "वैशाली, झोया पूर्वी फोनवर इचारायची, अब्बा, कधी येणार. आता मी दारात पाऊल टाकलं की इचारती, अब्बा, परत कधी जाणार. लेकराला तेच म्हाईत झालंय." मी खिडकीतून बाहेरचे कंटेनर बघत बसले आणि रडले.

त्यानंतर सरांनी साहेबांना विचारायचं सोडलं आणि काम करायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत काउंटरजवळ स्टूल टाकून बसायचे. काही बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. कोण येतं, काय शोधतं, खुर्चीवरचा माणूस कसा बदलतो. मला म्हणाले, "आपली चूक कुठं झाली कळलं का? आपण सेटिंग माणसाजवळ ठेवली. इथं माणूस बदलतंय, खुर्ची बदलत नाई. आधी खुर्चीवर कोण बसतंय ते बघायला पायजे होतं." मग त्यांनी सगळ्याच्या जागा ठरवल्या, बाटलीची ठरवली होती तशा. जे अख्ख्या प्लँटला लागू ते डेटाबेसमधल्या सर्चच्या स्वतःच्या टेबलात. जे एका काउंटरला लागू ते त्या काउंटरच्या नावावर. आणि जे घटकाभरासाठी, एखाद्या मोजणीपुरतं, ते त्या उघड्या पानापुरतंच, पान मिटलं की गेलं. "आन मुजावर नावाचा माणूस कुठंच नको," म्हणाले.

मी ते सगळं उलटं सुलटं करून तपासलं. एकही चूक निघाली नाही. आता फक्त बदलायचं होतं. साहेब बरेच दिवस टाळत होते, शेवटी म्हणाले, "बरं, पण चालू प्लँटमध्ये नाही. ज्या दिवशी सगळं बंद असेल त्या दिवशी. आणि मिंडेंची सही पाहिजे, की नीट चालतंय."

सगळं बंद असा वर्षात एकच दिवस. खंडेनवमी. आणि खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्राला हात लावत नाहीत, त्याची पूजा करतात! प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. त्या वर्षी सर सकाळी लवकर लॅपटॉप घेऊन आले, तर मिंडे मामा पूजेचं ताट घेऊन केबिनच्या दारात उभे.

"आज न्हाई हां सर. आज यंत्राला इसावा." आणि त्यांनी सरांच्या लॅपटॉपवर हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. "आमचा सगळा सर्च ह्याच्यातच हाय. ह्याची पुजा पैली."

मी मामांवर भडकले. "अहो मामा, वर्षातून हाच दिवस मिळतो त्यांना!" सरांनी मला हातानं गप्प केलं. मामांच्या हातून प्रसाद घेतला, बुटातून पाय काढून ते बाजूला उभे राहिले. म्हणाले, "राहू दे. त्यांचा मान हाय. कुणाचं मोडून जायचं तर मग आधीच गेलो असतो." लॅपटॉप दिवसभर माळेखाली बंद. दुसऱ्या दिवशी दसरा, पण ऑर्डरपायी तिन्ही शिफ्ट परत चालू. वर्ष गेलं. मी त्या वर्षात दोनदा नोकरी बदलायचा विचार केला आणि दोन्ही वेळा सरांना एकटं टाकून जायला मन होईना. मला तर कुणी बांधूनही ठेवलं नव्हतं.

पुढच्या खंडेनवमीला घरच्या माणसांना प्लँट बघायला बोलावलं होतं. सरांनी शाहीनभाभीला आणि झोयाला आणलं. पोरगी आता चांगली उंच झाली होती, बापासारखीच वरची गुंडी लावलेली. तिनं गोडाऊन बघितलं, रॅक बघितले, आमची केबिन बघितली. खिडकीतून बाहेर डोकावली आणि म्हणाली, "इथून तर काहीच दिसत नाही." मिंडे मामा कौतुकानं तिला घेऊन आले, पूजा दाखवली. टेबलावर सरांचा लॅपटॉप, त्याला माळ, पुढं नारळ.

"बग, पोरी. तुज्या अब्बांच्या ह्या डब्याबिगर आमचं पान हालत न्हाई."

झोयानं जरा वेळ लॅपटॉपकडं बघितलं. मग सरळ मामांना विचारलं, "मामा, मग तुम्ही हा डबाच ठेवून घ्या की. अब्बाला आम्ही नेऊ का?"

शाहीनभाभीनं तिला दटावलं. सर पार खाली बघायला लागले. मी मामांकडं बघत होते. त्यांची स्वतःची पोरगी राजगुरुनगरला दिलेली, आणि ती चार दिवस माहेरी आली की मामा रोज काहीतरी कारण काढून शिफ्ट बदलून घ्यायचे, हे सगळ्या स्टोअरला ठाऊक होतं. त्यांनी सरांना विचारलं, "सर, खरं सांगा. तुमी ते काय बदलनार हाय, ते क्येलं म्हंजी तुमास्नी सोडत्यात?"

"व्हय मामा," सर पहिल्यांदाच मामांच्या बोलीत म्हणाले.

"मंग आदी का न्हाई सांगितलं? मला वाटलं, काय तर नवीन भानगड काडत्यात सायबलोकं."

खरंच की! दोन वर्षं आम्ही साहेबांच्या पाया पडत होतो, ह्या माणसाला कुणी धड सांगितलंच नव्हतं. मामांनी लॅपटॉपला हात जोडले, माळ आपल्या हातानं काढली, नारळ उचलला आणि दारात फोडला. "झाली पुजा. देवाला सांगितलंय मी. लावा हात सर, काय पाप लागलं तर माझ्या डोक्यावर."

मग शाहीनभाभी आणि झोया खाली जेवायला गेल्या, आणि सर बसले. जुनी ओळ काढताना त्यांचा हात थांबला. वरचं 'तात्पुरतं. उद्या काढणे' त्यांनी मला वाचून दाखवलं, हसले, आणि दोन्ही एकदम पुसलं. मामांना काउंटरवर बसवलं. "हे बगा मामा, आता इथं माझं काई नाई. हे काउंटरचं हाय, तुमच्या खुर्चीचं. शिफ्ट बदलली की किल्ल्या द्या, खुर्ची द्या आन हे बटण दाबा. मागच्याचं सगळं फिल्टर निघून जातंय. लॉगआउट करा म्हणत नाई मी. गाडी चालूच राहू द्या."

मामांनी बटण दाबलं. बोल्ट शोधला. सापडला. परत दाबलं, रबरी रिंग शोधली. सापडली. मग खिशातून पेन काढून त्यांनी सही केली.

शेवटची चाचणी माझी होती. मी आयटीवाल्याला फोन करून सांगितलं, मुजावरचं अकाउंट बंद कर. सर आपल्या खुर्चीत बसून होते. त्यांच्या स्क्रीनवर पाटी आली, आपल्याला प्रवेश नाही. मी पळत काउंटरवर गेले, शोधलं, सगळं जागच्या जागी. परत आले तर ते त्या पाटीकडं अशा चेहऱ्यानं बघत होते की मला सांगता येत नाही. मला म्हणाले, "परत एकदा वाच गं." मी मोठ्यानं वाचलं, आपल्याला प्रवेश नाही. ते हसत होते आणि मला मात्र भरून येत होतं, कारण आता शेजारची खुर्ची रिकामी होणार हे मला तेव्हा कळलं.

सबनीस साहेबांनी थोडे आढेवेढे घेतले. पण मामांची सही समोर होती आणि सर्च चालत होता. 'चालतंय ना' हे त्यांचंच म्हणणं आता त्यांच्यावर उलटलं. रिलीज मिळाला.

ते निघाले त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली नव्हती, निरोप मला जमत नाहीत. मी स्कूटरवरून कामावर निघाले होते. चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प. ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, कुणी तसूभर हलत नाही. बघते तर बाजूला एक छोटा टेम्पो, मागं एक गादी, एक बादली आणि ती कॉटखालची बॅग. पुढं ड्रायव्हरशेजारी मुजावर सर. मामांना शेवटचं भेटून परतत होते.

"काय सर, सुटलात आणि परत अडकलात?" मी ओरडले.

"असू दे गं! तोंड तर घराकडं हाय!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खालच्या खिशातून काढून त्यांनी बघितलं आणि चेहरा पडला. फोन माझ्याकडं फिरवून दाखवला, मिंडे मामा. इतकी वर्षं ह्या नावाचा फोन म्हणजे सर्च बंद, दुसरं काही नाही. त्यांनी फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकला, कारण हॉर्नांच्या गोंगाटात ऐकू येईना.

"बोला मामा. काय झालं?"

"काय न्हाई सर. शिफ्ट बदलली आत्ता. पोरानं बटन दाबलं. सर्च चालतोय. तेवढंच सांगाया फोन क्येला. ठेवतो."

फोन बंद झाला. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. पुढचा कंटेनर हलला, मागून हॉर्न सुरू झाले, टेम्पोवाल्यानं गिअर टाकला. सरांनी गेट पासच्या, आता रिकाम्या, वरच्या खिशाला हात लावला, मग खालच्या, मग परत वरच्या. शेवटी फोन तसाच हातात धरून ते गेले.